बातम्यांची वेळ: कोकणातल्या निवेदकांच्या आठवणींमागचा इतिहास

जून २०२२ मध्ये प्रदीप भिडे गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये डॉ. विश्वास मेहेंदळे. मेहेंदळे हे मुंबई दूरदर्शनचे पहिले मराठी वृत्तनिवेदक, तर भिडे यांनी त्याच केंद्रावर जवळजवळ चार दशकं बातम्या वाचल्या. दोन्ही वेळा अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत माणसं एकमेकांना जुन्या बुलेटिनचे तुकडे पाठवत होती. त्या गप्पांत हळूच आणखी एक धागा निघाला. कुणी म्हणालं, आमच्या चिपळूणला केबलवर बातम्या द्यायचे ते सर आठवतात का? कुणाला कुडाळच्या मॅडम आठवल्या, कुणाला गणपतीच्या दिवसांत आरत्यांच्या मध्ये लागणाऱ्या गावच्या बातम्या. मुंबईच्या निवेदकांवर बरंच लिहिलं गेलं आहे. तालुक्याच्या केबलवरच्या निवेदकांवर जवळपास काहीच नाही. या दोन्ही आठवणी एकाच इतिहासातून आल्या आहेत, म्हणून तो नीट मांडायला हवा.

बातमी कोकणात नेहमी बाहेरून आली आणि उशिरा आली. मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. पण ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढलं ते मुंबईत. छापखाना तिथे, वाचक तिथे, सरकार तिथे. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं किनाऱ्यावरच्या गावांना मुंबईचं वर्तमानपत्र बोटीने मिळायचं आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की तेही थांबायचं. रत्नागिरीत साप्ताहिकं निघाली, चिपळूणला १९६५ साली ‘सागर’ हे वृत्तपत्र सुरू झालं, तरी कागदावरची बातमी वाडीत पोचायला एसटीची वाट पाहावी लागे. मधल्या काळात जो कुणी मुंबईहून उतरला, त्याने सांगितलेलंच खरं. बातमीइतकाच ती आणणारा माणूस महत्त्वाचा, ही सवय इथे फार जुनी आहे. निवेदकांवरच्या प्रेमाचं मूळ मला तिथे दिसतं.

आवाज पहिल्यांदा आला तो रेडिओतून. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या, साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. पुण्याच्या सुधा नरवणे आणि दिल्लीचे दत्ता कुलकर्णी ही नावं त्या पिढीला पाठ आहेत, चेहरे मात्र कुणी पाहिलेले नव्हते. रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र झालं तेव्हा आपल्या भागाची नावं, आपल्या नद्यांची पातळी, आपल्या बंदरांचा इशारा नीट ऐकू येऊ लागला. मच्छीमार घरांत रेडिओचं स्थान वेगळंच होतं. हर्णैला किंवा मिरकरवाड्याला तीन नंबरचा बावटा लागला की नाही, हे बंदरावर जाऊन पाहायच्या आधी रेडिओवर कळायचं. समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, हे वाक्य ज्या आवाजात ऐकलं त्या आवाजावर घरातल्या बाया अक्षरशः विसंबून असत.

दूरचित्रवाणी देशात सुरू झाली १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मराठी बातम्या सुरू झाल्या तेव्हा वाचणारी माणसं शोधावी लागली ती नाट्यक्षेत्रातून, महाविद्यालयांतून, आकाशवाणीतून. मेहेंदळे होते, भक्ती बर्वे होत्या, पुढे सिनेमात मोठं नाव झालेल्या स्मिता पाटील होत्या. मराठीचे प्राध्यापक आणि मुलांसाठी लिहिणारे अनंत भावे होते. चारुशीला पटवर्धन, ज्योत्स्ना किरपेकर हे चेहरे घरोघर ओळखीचे झाले. यांतल्या बहुतेकांचा मूळ व्यवसाय दुसराच होता. भाषा हीच त्यांची पात्रता. ‘च’ आणि ‘ज’चे दोन उच्चार कुठे कोणता हे त्यांना सांगावं लागत नसे.

टेलिप्रॉम्प्टर येण्याआधीचं वाचन आज पाहिलं की त्यातली मेहनत कळते. हातात कागदांचा गठ्ठा. वाक्याचा पहिला अर्धा भाग कागदावर पाहून वाचायचा, उरलेला डोळ्यांत साठवून मान वर करायची आणि प्रेक्षकाकडे पाहत पूर्ण करायचा. पूर्णविरामाला थांबायचं, पान बाजूला सरकवायचं, पुन्हा खाली पाहायचं. भिडे हे करताना आवाजाची पट्टी बदलत नसत. मंत्र्याचं उद्घाटन असो की अपघात, गती तीच. आठवण सांगणारे लोक त्यांच्या खर्जाबद्दल बोलतात, मला मात्र ते पूर्णविराम जास्त महत्त्वाचे वाटतात. ऐकणाऱ्याला बातमी समजून घ्यायला त्या थांबण्यातच जागा मिळत होती.

पण हे सगळं कोकणात कुणाला दिसत होतं? वरळीचा दूरदर्शन मनोरा सुमारे ३०० मीटर उंच. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपतात. उरण, अलिबाग, पेण या पट्ट्यात मुंबई चांगली दिसायची. अलिबागच्या समोर तर पाणीच. पुढे मुरूड, श्रीवर्धनकडे जावं तसं चित्र विरळ होत जाई आणि सह्याद्रीच्या फाट्यांमागच्या वाड्यांत पडद्यावर नुसत्या मुंग्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग तर फारच लांब. उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी, समुद्रावरची हवा अशी काही थरावर थर बसते की दूरच्या लहरी वाकून किनाऱ्याला येतात. तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांत एखाद्या रात्री अचानक भलतंच केंद्र स्वच्छ दिसे आणि दुसऱ्या दिवशी गायब होई. बांबूच्या टोकाला बांधलेला ॲन्टेना फिरवायला एक मुलगा कौलांवर, खिडकीशी दुसरा, आणि आतून ओरडणारे आजोबा, हा प्रकार त्यातूनच आला.

१९८२ साल दोन कारणांनी महत्त्वाचं. पहिलं प्रक्षेपणाचं. एशियाडच्या निमित्ताने रंगीत चित्र आलं आणि त्यापाठोपाठ उपग्रह व त्यावरून आलेले कार्यक्रम आसपास पुन्हा सोडणारी लहान क्षमतेची सहक्षेपण केंद्रं यांचं जाळं देशभर पसरू लागलं. त्यातून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मोठ्या गावांत टीव्ही दिसू लागला, पण आधी दिल्लीचा. मराठी बातम्या नियमित आणि सगळीकडे पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली, तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळालं २००० साली. दक्षिणेच्या टोकाला, वेंगुर्ला-सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात, माणसं गोव्याच्या बातम्याही तितक्याच आस्थेने बघत. नोकरी गोव्यात, आजारपणात धाव बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, मग बातम्या तिथल्या का नकोत?

याच १९८२ सालाचं दुसरं कारण म्हणजे मुंबईतला कापड गिरण्यांचा संप. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. गिरणगावात राहणारा कामगार मोठ्या संख्येने कोकणातला. त्याच्या मनीऑर्डरवर गावचं घर चालायचं. कोकणाला मुंबईची बातमी ही परगावची बातमी कधीच नव्हती. संपाचे नेते दत्ता सामंत काय म्हणाले, सरकार काय म्हणालं, एखादी गिरणी सुरू झाली का, याकडे खळ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांचं लक्ष असे. त्या काळात टीव्ही असलेलं घर वाडीत एखादंच. त्या घरच्या पडवीत संध्याकाळी माणसं जमत. ‘बातम्यो लागल्यो काय रे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याचा मुलगा लालबागला असायचा. पुढे बऱ्याच जणांच्या घरचा चाकरमानी ट्रंक घेऊन कायमचा गावी आला, आणि काहींच्या बाबतीत त्याच मुंबईच्या पगारातून आधी घेतलेला, लाकडी दारांचा टीव्हीही एसटीच्या टपावरून आला.

दूरदर्शनच्या बातम्यांत सरकारचा वरचष्मा होता हे लपवायचं कारण नाही. आणीबाणीत तर तो पूर्णच होता. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तरी मालक तोच राहिला, आणि स्वायत्त प्रसार भारती यायला नोव्हेंबर १९९७ उजाडलं. संपाची कामगारांची बाजू जशी मांडायला हवी होती तशी त्या पडद्यावर मांडली गेली नाही, असं म्हणणारे लोक आजही भेटतात आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. जुन्या बातम्यांविषयीचं प्रेम हे बातमी निर्दोष होती म्हणून नाही. वाचणारा माणूस आपल्याला घाबरवत नाही, भडकवत नाही, एवढा भरवसा होता. आजच्या पडद्यावरचा आरडाओरडा बघून लोक मागे वळतात ते या भरवशासाठी.

खासगी वाहिन्या आल्या तेव्हा कोकणाला सुरुवातीला खरंच फायदा झाला. ‘अल्फा मराठी’ १९९९ मध्ये, ‘ई टीव्ही मराठी’ २००० मध्ये. ‘ई टीव्ही’ने जिल्ह्याजिल्ह्यांत बातमीदार नेमले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बातम्या पहिल्यांदाच रोज राज्यभर दिसू लागल्या. गंमत अशी की ते बुलेटिन वाचलं जायचं हैदराबादला, रामोजी फिल्म सिटीत. देवगडच्या आंब्याची बातमी तेलंगी मुलुखातून फिरून देवगडला परत यायची, आणि तरी लोक खूश होते, कारण ती येत होती. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’, पाठोपाठ आणखी काही, अशा चोवीस तासांच्या वाहिन्या सुरू झाल्या. चोवीस तास भरायचे म्हटल्यावर मुंबई-पुण्याचं राजकारण पुरतं, आणि कोकणाच्या वाट्याला पुन्हा शिमगा, गणपती, हापूसची पहिली पेटी आणि घाटातली दरड एवढंच उरलं.

आता त्या दुसऱ्या आठवणीकडे येतो.

नव्वदीच्या दशकात कोकणातल्या बाजारपेठांच्या गावांत केबल आली. कुणीतरी धडपड्या माणूस, बहुतेकदा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेला, गच्चीवर जाळीची मोठी डिश बसवी आणि माडांच्या खोडांवरून, विजेच्या खांबांवरून वायर ओढत शे-दोनशे घरं जोडी. १९९५ च्या केबल कायद्याने त्याला पोस्टात नोंदणी करावी लागली. या जाळ्यात एक रिकामा चॅनल असायचा. त्यावर रात्री व्हीसीआरने सिनेमा लावायचा, गणपतीत गावची मिरवणूक दाखवायची. त्यातून कधीतरी कुणाच्या तरी डोक्यात आलं की इथे गावच्या बातम्या का देऊ नयेत.

रत्नागिरी, चिपळूण, खेड, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, महाड अशा गावांत ही स्थानिक बुलेटिनं उभी राहिली. त्यांची रचना सगळीकडे साधारण सारखी. कंट्रोल रूमला लागून एक लहानशी खोली, भिंतीवर निळं किंवा मरून कापड, नंतर फ्लेक्स. एक टेबल, प्लॅस्टिकची फुलं, दोन हॅलोजन, उकाडा, आणि आवाज येतो म्हणून बंद केलेला पंखा. कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचाच. बातमीदार मोटारसायकलवर सकाळी पंचायत समितीची सभा, दुपारी शाळेचं स्नेहसंमेलन, वाटेत अपघात झाला तर तो, असं शूट करून संध्याकाळी कॅसेट आणून देई. दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून एडिटिंग. लाइट गेले की सगळं थांबलं, आणि कोकणात लाइट पावसाळ्यात कधीही जातात. अर्ध्या तासाचं बुलेटिन रात्री आठ-साडेआठला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा.

निवेदक कोण? हायस्कूलचे मराठीचे शिक्षक, एकांकिका स्पर्धांत बक्षिसं मिळवलेला तरुण, बँकेत काम करणाऱ्या बाई, कॉलेजची मुलगी. मानधन नावापुरतं. साडी-शर्ट स्वतःचा, कधी कधी शेजारच्या दुकानदाराने जाहिरातीच्या बदल्यात दिलेला. पण नाट्यसंगीत, भजन, दशावतार, कीर्तन यांत कान तयार झालेल्या या मुलखात वाणी स्वच्छ असलेली माणसं शोधावी लागत नव्हती. प्रमाण भाषेत वाचता वाचता गावांची नावं मात्र लोक म्हणतात तशीच उच्चारली जात आणि ऐकणाऱ्याला ते फार जवळचं वाटे. मुंबईच्या वाहिनीवर आपल्या गावाचं नाव मोडून-तोडून घेतलेलं ऐकायची सवय झालेल्या माणसाला याची किंमत विचारा.

बातम्यांत काय असे ते पाहा. उद्या दुपारी बारा ते चार अमुक फीडरवर वीज बंद. नळपाणी योजनेचा पंप जळाला, दोन दिवस पाणी नाही. डेपोतून सुटणाऱ्या गाडीची वेळ बदलली. दहावीच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आलेली मुलगी, तिच्या शेजारी लाजून उभे असलेले वडील. नमनाचा कार्यक्रम, ग्रामदेवतेच्या पालखीचं वेळापत्रक, मच्छीमार सोसायटीची निवडणूक. शेवटी निधनवार्ता, फोटोसह. ही निधनवार्ता सुरू झाली की घरातले सगळे गप्प होत. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, हे कळण्याचं ते साधन होतं. मग सराफाची, मंडप डेकोरेटर्सची, दवाखान्याची जाहिरात.

दुसऱ्या दिवशी निवेदक बाजारात भेटायचा. मासळीबाजारात कोळीण त्याला थांबवून विचारी, काल आमच्या वाडीचा रस्ता दाखवलात, पण गटार का नाही दाखवलंत? नगरसेवक हात धरून तक्रार करी. नाव चुकलं असेल तर घरी येऊन सांगत. माझ्या मते या निवेदकांच्या आठवणीचं खरं कारण हे आहे. त्यांना उत्तर द्यावं लागत होतं, रोज, तोंडावर. त्यामुळे ते जपून बोलत आणि त्यांच्या बोलण्याला वजन होतं. अर्थात यातूनच त्यांच्यावर बंधनंही येत. ज्याच्या जाहिरातीवर बुलेटिन चालतं त्याच्या वाळूच्या होडीबद्दल बोलणं अवघड होतं आणि बऱ्याच ठिकाणी ते बोललं गेलं नाही.

या बुलेटिनची कसोटी लागली जुलै २००५ मध्ये. २६ जुलैला मुंबई बुडाली आणि वाहिन्यांचे बहुतेक कॅमेरे तिथेच अडकले. त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसं गाडली गेली. चिपळूणला पूर होता. बाहेरच्या जगाला रायगडातली हानी कळायला वेळ लागला. अशा वेळी गावातली वाट कुठली चालू आहे, मदत कुठे मिळते, कोण सापडलं, कोण नाही, हे सांगणारी माणसं स्थानिकच होती. जिथे केबल तुटली तिथे तीच बातमीदार मंडळी चिखलातून चालत निरोप पोचवत होती.

हे सगळं संपलं कशाने? केबल नेहमी बाजारपेठेपुरती राहिली. वाड्या विखुरलेल्या, घरं लांब लांब, तिथे वायर न्यायला परवडत नसे. त्या घरांवर २००४ नंतर दूरदर्शनची मोफत डिश आली, मग खासगी कंपन्यांच्या छत्र्या. छत्रीवर दोनशे वाहिन्या, पण गावची बातमी नाही. नंतर सरकारने केबलचं डिजिटायझेशन सक्तीचं केलं. मुंबईत ते २०१२ मध्ये झालं, ग्रामीण भागाचा चौथा टप्पा ३१ मार्च २०१७ ला संपला. पूर्वी व्हीसीआर जोडून चालणाऱ्या रिकाम्या चॅनलला आता दूरच्या मोठ्या कंपनीच्या यंत्रणेत जागा मागावी लागे, त्यासाठी उपकरणं आणि पैसे लागत. बऱ्याच जणांनी तिथेच थांबायचं ठरवलं. काही जण टिकले, काहींनी यूट्यूबवर वाट काढली. तोवर लोकांच्या हातात मोबाइल आला होता आणि निधनवार्ता व्हॉट्सॲपवर यायला लागली होती.

यूट्यूबवर चालणाऱ्या कोकणातल्या वृत्तवाहिन्या आज चांगलं कामही करतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडची पडलेली सुपारीची बागायत त्यांनी जगाला दाखवली, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा गच्चीवरून पहिली चित्रं मोबाइलवरूनच बाहेर गेली. पण त्या दोन्ही वेळी वीज आणि नेटवर्क गेल्यावर स्थानिक लोकांकडे स्वतःच्या गावाची माहिती मिळवायला सेलवर चालणाऱ्या रेडिओपलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. बाहेरच्यांना कळत होतं, आतल्यांना नाही.

राहता राहिला प्रश्न जुन्या बुलेटिनचा. दूरदर्शनचं थोडंफार जपलेलं आहे. स्थानिक केबलचं बहुतांश गेलं. कॅसेट महाग, म्हणून आठवड्याने त्याच कॅसेटवर पुढचं शूटिंग होत असे. ज्या राहिल्या त्यांना इथली दमट हवा खाते. टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी धरते, आणि ती साफ न करता व्हीसीआरमध्ये घातली तर हेडही जातं आणि टेपही फाटते. व्हीसीआर बनवणं तर २०१६ मध्येच जगात थांबलं. चिपळूणच्या काही कॅसेट २००५ आणि २०२१ च्या दोन पुरांत वाहून गेल्या असतील तर नवल नाही. तिथलं १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर दोन्ही वेळा पाण्यात होतं आणि दोन्ही वेळा पुन्हा उभं राहिलं.

अशी वाचनालयं कोकणात आहेत हेच मोठं भांडवल. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली त्यांनी सांभाळल्या, तशा या कॅसेटही सांभाळता येतील, त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. एक चालू स्थितीतला व्हीसीआर, एक संगणक, टेप साफ करू शकणारा जुना टीव्ही दुरुस्तीवाला, असे कारागीर अजून आहेत. ज्या केबलचालकांच्या माळ्यावर पेट्या पडून आहेत त्यांनी कॅसेट लावून बघायची घाई करू नये. आधी कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, वर साल, महिना आणि वाचणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहावं. त्यातल्या २००५ च्या जुलै-ऑगस्टच्या कॅसेट पहिल्यांदा काढायला हव्यात, कारण त्या आठवड्यांतल्या महाड-चिपळूणची चित्रं आणि त्यांवर बोलणारा गावचा आवाज दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.